गायरानातलं गोल्फ

ब्रोराच्या मैदानावर प्रत्येक ग्रीनभोवती बारीक तार फिरवलेली आहे आणि त्या तारेत वीज सोडलेली असते. धक्का जिवावर बेतणारा नाही, गायीला आणि मेंढीला 'इकडे नको' एवढं कळावं इतपतच. फ्लॅगपाशी जायचं तर तार ओलांडून जायचं. उंच माणसं सरळ टांग टाकतात, बाकीचे हातातल्या पटरने तार दाबून धरतात आणि मग पाय उचलतात. पटरची मूठ रबराची असते, त्यामुळे हा उद्योग निभावतो. तारेच्या आत गालिच्यासारखं कापलेलं गवत, बाहेर शेणाचे पो, लेंड्या आणि खुरांचे ठसे. एरवी गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो धुतल्या तांदळासारखा थाट इथे नावालाही नाही.

स्कॉटलंडचा नकाशा उघडला तर ब्रोरा बराच वर, उत्तर-पूर्व किनाऱ्यावर, सदरलँड परगण्यात सापडेल. इन्व्हर्नेसहून ए-9 या रस्त्याने साधारण 90 किलोमीटर. मोटारीने सव्वा तास लागतो, रेल्वेने दोन तासांहून जास्त. कारण रस्त्याला डॉरनॉकच्या खाडीवर 1991 साली पूल मिळाला, रेल्वेला मिळाला नाही. ती अजूनही खाडीला वळसा घालत, आत लेर्गपर्यंत जाऊन पुन्हा समुद्राकडे येते. घाई नसेल तर रेल्वेच घ्यावी. डनरॉबिन किल्ल्यापाशी तिचं एक चिमुकलं लाकडी स्टेशन लागतं, ते एकेकाळी सदरलँडच्या ड्यूकचं खाजगी स्टेशन होतं. त्याच्या पुढचं स्टेशन ब्रोरा.

मी गेलो ते ॲबर्डीनच्या मावसभावाबरोबर. तेलाच्या धंद्यातली पुष्कळ मराठी मंडळी ॲबर्डीनला असतात, हा त्यांतलाच एक. मी पुण्यात येरवड्याच्या मैदानावर खेळतो. तिथे पिशवी कॅडीच्या खांद्यावर असते आणि वारा कुठला, उतार कुठला, हे तोच सांगतो. इथे पिशवी आपल्याच खांद्यावर किंवा हातगाडीवर, आणि सल्ला द्यायला भाऊ. त्याचा हँडिकॅप माझ्यापेक्षा बराच चांगला असल्यामुळे सल्ल्याची कमतरता नव्हती. क्लबमध्ये आमच्या जोडीला एक निवृत्त स्थानिक गृहस्थ मिळाले. बोलणं मोजकं, चाल झपाझप. पहिल्या टीवर त्यांनी मला एकच सूचना केली: "जनावर अंगावर येत नाही, पण सरकतही नाही. तुम्हीच थांबा."

ही जनावरं इथे कशी, हे समजून घेतल्याशिवाय ब्रोराचं मैदान कळत नाही. किनाऱ्यावरची ही वाळूची पट्टी गावाचं गायरान आहे. आसपासच्या क्रॉफ्टरांचा, म्हणजे लहान तुकडे कसणाऱ्या कुळांचा, तिच्यावर चराईचा हक्क आहे. कुणी किती जनावरं सोडायची याचं प्रमाण ठरलेलं असतं. गोल्फ क्लब 1891 साली निघाला, आणि गवतावर चरणाऱ्या जनावरांच्या मधून चेंडू काढणं हे तेव्हापासून चालत आलेलं आहे. गोल्फवाले इथे पाहुणे आहेत म्हटलं तरी चालेल.

पण हे गायरान समुद्राकाठी का? त्याची गोष्ट कडू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सदरलँडच्या जमीनदारांनी आतल्या खोऱ्यांतून पिढ्यानपिढ्या राहणारी कुळं उठवली. स्ट्रॅथनेव्हर, किल्डोनन ही खोरी रिकामी करून तिथे मेंढ्यांचे मोठे कळप सोडायचे होते, कारण लोकरीला भाव होता. 1814 साली स्ट्रॅथनेव्हरमध्ये घरांची छपरं पेटवली गेली. त्या प्रकरणी पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर 1816 साली इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. उठवलेल्या माणसांतली काही कॅनडाला गेली, उरलेल्यांना किनाऱ्यावर जमिनीचे एवढेएवढेसे तुकडे मिळाले: त्यावर पोट भरणार नाही, म्हणून मासे धरा, कोळसा खणा, मजुरी करा. ब्रोराला कोळशाची खाण होती, ती थेट 1974 पर्यंत चालली. 1819 साली याच जमीनदार घराण्याने इथे क्लाइनलिशची व्हिस्कीची भट्टी घातली. धान्य कुळांचं, जळण गावच्या खाणीतलं, असा हिशेब. क्रॉफ्टरांना जमिनीवर कायम राहण्याची हमी मिळाली ती 1886 च्या कायद्याने, म्हणजे क्लब निघण्याच्या अवघी पाच वर्षं आधी. एवढं भोगून मिळालेला हक्क कुणाच्या खेळासाठी कोण सोडील? ज्या सदरलँडमध्ये मेंढ्यांसाठी माणसं हाकलली, तिथे त्या माणसांच्या वारसांच्या मेंढ्या आज गोल्फवाल्यांना थांबवतात, यात मला काव्यात्म न्याय दिसतो. आमच्या सोबत्यांना तो दिसत नसावा, कारण ते शेणातून चेंडू उचलण्यात गुंतले होते.

शेणातला चेंडू दंडाशिवाय उचलता येतो, पुसून जवळच टाकता येतो. खेळलेला फटका तारेवर आदळला तर पुन्हा मारता येतो. हे नियम कागदावर छान वाटतात. प्रत्यक्षात तारेपासून हातभर अलीकडे चेंडू थांबलेला असतो, समोर तारेला नाक लावून एक मेंढी उभी असते आणि मागचा गट टीवर येऊन ताटकळत असतो. अशा वेळी माणसाच्या स्वभावाची परीक्षा होते.

मैदानाची आजची आखणी जेम्स ब्रेड यांची, 1923 सालची. ब्रेड म्हणजे ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला खेळाडू: 1901, 1905, 1906, 1908 आणि 1910. फाइफ परगण्यातल्या अर्ल्सफेरीचा हा मूळचा सुतार. खेळून झाल्यावर त्याने मैदानं आखायचं काम धरलं आणि ब्रिटनभर मैदानं आखली. त्याला प्रवासाचा त्रास व्हायचा, विशेषतः बोटीचा. त्यामुळे परदेशी जाणं तो टाळायचा आणि सिंगापूरसारखं दूरचं काम जमिनीच्या नकाशांवरून करायचा. ब्रोराला रेल्वे होती हे या गावाचं नशीब. स्वतः येऊन, चालून, बघून केलेली ही आखणी आजवर फारशी कुणी बदललेली नाही. ब्रेडच्या नावाने चालणाऱ्या सोसायटीचं घरही म्हणूनच इथे आहे.

मैदान पार 70 चं. लांबी सहा हजार दोनशे यार्डांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने आखूडच. आकडा बघून बरेच लोक फसतात. नऊ होल समुद्राच्या कडेने उत्तरेकडे जायचं, नऊ होल आतल्या बाजूने परत यायचं, अशी जुनी साधी रीत. झाड जवळजवळ नाही, तळी नाहीत. मग अडचण कशाची? जमिनीची आणि वाऱ्याची.

आपल्याकडचं गोल्फ हवेतलं असतं. चेंडू उंच उडवायचा, तो ग्रीनवर धप्पकन पडतो आणि तिथेच बसतो, कारण खाली पाणी प्यायलेली मऊ जमीन असते. ब्रोराची जमीन वाळूची आहे, पाऊस पडून गेला तरी अर्ध्या तासात कोरडी. तिच्यावर फेस्क्यू जातीचं बारीक, कडक गवत, तेही मेंढ्यांनी मुळापर्यंत कुरतडलेलं. उंचावरून पडलेला चेंडू इथे थांबत नाही, टणकन उसळतो आणि ग्रीनच्या पलीकडे निघून जातो. ग्रीनच्या 40 यार्ड अलीकडे तो जमिनीला टेकवायचा, मग त्याने पुढचं अंतर घरंगळत, उंचवटे चढत-उतरत स्वतः कापायचं. जिथे पुण्यात मी डोळे मिटून वेज काढतो तिथे भाऊ सारखा ओरडायचा, "दादा, ठेव ती वेज! सात नंबर घे आणि नुसता ढकल." ढकललेला चेंडू कुठे जाईल हे जमिनीच्या लाटा ठरवतात. समुद्राने आणि वाऱ्याने वाळूच्या ज्या लाटा घडवल्या त्या ब्रेडने तशाच ठेवल्या. सपाट उभं राहून मारायला मिळणं इथे भाग्याचं. एक पाय वर, एक खाली, चेंडू घोट्याच्याही खाली, आणि समोर फक्त फ्लॅगचं टोक दिसतंय, हा नेहमीचा मामला.

बंकर त्या मानाने कमी आहेत. तरी पुरेसे आहेत. लिंक्सवर, म्हणजे अशा समुद्रकाठच्या वाळूच्या मैदानांवर, बंकर मुळात मेंढ्यांनीच केले असं सांगतात: वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्या उताराला अंग घासत बसायच्या, गवत जायचं, वाळू उघडी पडायची. ब्रोराला ही कथा ऐकीव राहत नाही. दुपारी वारा वाढला तेव्हा एका बंकरात एक मेंढी आणि तिचं कोकरू आरामात बसलेली होती आणि भावाचा चेंडू त्यांच्यापासून चार पावलांवर. त्याने हाश-हुश केलं, मराठीत दोन शब्द सुनावले. उपयोग झाला नाही. शेवटी आमचे सोबती खाली उतरले, तोंडाने कसलासा आवाज काढला, आणि दोघं उठून चालू लागली. गावच्या जनावराला गावची भाषा लागते.

मैदानाच्या कडेला गॉर्स नावाचं काटेरी झुडूप दाटीने वाढतं. मे महिन्यात ते पिवळ्या फुलांनी गच्च भरतं आणि ऊन पडलं की त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. उत्तर समुद्राच्या काठावर, चार कपडे घालून कुडकुडत असताना, नुकत्या खोवलेल्या नारळाचा वास नाकात शिरावा ही मोठी गंमत आहे. मी फूल चुरडून पुन्हा हुंगलं. तोच वास. आत गेलेला चेंडू मात्र काढू नये. काटे अणकुचीदार असतात आणि हातमोज्याला जुमानत नाहीत.

वाऱ्याविषयी थोडं. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे जाताना पाठीशी, येताना तोंडावर. पहिले नऊ होल खेळताना माणसाला वाटतं की आपला खेळ अचानक सुधारला. ड्रायव्हरचा फटका नेहमीपेक्षा कितीतरी पुढे जाऊन पडतो, छाती फुगते. वळल्यावर तोच फटका हवेत अडकल्यासारखा होतो. येताना एका साध्या पार-चारला मला दोन लाकडी फटके मारूनही ग्रीन दिसेना. सोबत्यांनी तोवर पंचे-छत्र्या काही न काढता, लोखंडी क्लबने चेंडू कमरेच्या उंचीवरून तीन वेळा पुढे सारला होता आणि ते ग्रीनवर आमची वाट बघत उभे होते.

चार पार-तीन होल ही या मैदानाची खरी श्रीमंती. चारही होल चार दिशांना खेळतात. म्हणजे वारा कुठूनही येवो, चौघांपैकी एक त्याच्या तोंडावर, एक पाठीवर आणि दोन कुशीवर असणारच. ब्रेडने ही व्यवस्था करताना किती विचार केला असेल ते पहिल्या पार-तीनला लक्षात येत नाही, चौथ्या पार-तीनला येतं. सहाव्या होलचं नाव 'विच', चेटकीण. चेटूक केल्याच्या आरोपावरून ब्रिटनमध्ये जाळून मारलेली शेवटची बाई याच परगण्यातली, जॅनेट हॉर्न नावाने ती ओळखली जाते. हे घडलं डॉरनॉकला, 1727 साली. तिथल्या दगडावर मात्र 1722 कोरलंय. या होलवर उभं राहून हे ऐकलं की समोरचा ग्रीन जरा वेगळाच दिसू लागतो.

नववा होल मैदानाच्या पार टोकाला. ग्रीन अगदी पुळणीला टेकलेला, पलीकडे लाटा. इथे आम्ही खेळायचं सोडून उभे राहिलो. खाली रिकामी वाळू मैलभर पसरलेली, समुद्र करड्या रंगाचा, आणि मागे हेदरचे तपकिरी डोंगर. डोक्यावर सुरय पक्ष्यांची आरडाओरड चालू होती. हा आर्क्टिक सुरय दक्षिण ध्रुवाकडून निघून दर उन्हाळ्यात इथे अंडी घालायला येतो आणि वाळूत, उघड्यावरच घरटं करतो. क्लबच्या बिल्ल्यावर त्याचंच चित्र आहे. घरट्याच्या जवळ गेलं की तो सरळ डोक्यावर झेपावतो. भावाने पिशवी डोक्यावर घेऊन तेवढं अंतर काटलं ते दृश्य त्याच्या बायकोला दाखवण्यासारखं होतं. मी दाखवलंही.

परतीच्या वाटेवर उजव्या हाताला रेल्वेचा रूळ येतो. विकला जाणारी दोन डब्यांची गाडी गेली तेव्हा ड्रायव्हरने हात केला. तेरावा होल जेमतेम सव्वाशे यार्डांचा. मधून एक ओढा सापासारखा वळणं घेत जातो म्हणून नावच 'स्नेक'. एवढासा होल, पण इथेच कार्डावरचे आकडे बिघडतात, कारण माणूस गाफील असतो.

सतरावा मला सर्वांत आवडला, आणि ब्रेडलाही हाच आवडे असं क्लबात सांगतात. उंच टीवर उभं राहायचं. फेअरवे खाली डावीकडे वळत जातो, नेम कुठे धरायचा कळत नाही. तेव्हा दूर, खाडीच्या पल्याड, टार्बटनेसचा दीपस्तंभ शोधायचा: पांढरा, त्यावर दोन रुंद लाल पट्टे. होलचं नावही 'टार्बटनेस'च. रॉबर्ट स्टीव्हन्सनने तो 1830 साली बांधला, म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या लेखकाच्या आजोबांनी. जहाजांसाठी बांधलेला दिवा बघून चेंडू मारायचा, असं मी दुसरीकडे कुठे केलेलं नाही. हवा स्वच्छ असेल तरच हे जमतं. समुद्रावरून धुकं आत आलं, त्याला इथे 'हार' म्हणतात, की दीपस्तंभच काय, पन्नास पावलांवरची गायही दिसत नाही. आमच्या वेळी हवा चांगली होती. सोबत्यांनी दिव्याच्या थोडं उजवीकडे मारलं, वाऱ्याने चेंडू दिव्यावर आणून ठेवला. मी सरळ दिव्यावर मारलं आणि वाऱ्याने तो कुठे नेला ते त्या दोन गायींना माहीत.

अठरावा होल पार-तीन आहे. शेवटचा होल पार-तीन असणं तसं दुर्मीळ, आणि हा 201 यार्डांचा, खोलगट भाग ओलांडून चढावर. ग्रीनच्या मागे लगेच क्लबहाउसची खिडकी. खिडकीत बियर घेऊन बसलेले लोक. दिवसभर कुणी आपल्याला बघितलेलं नसतं, आणि इथे एकाच फटक्यात सगळी अब्रू पणाला. भावाचा चेंडू खोलगटात गेला. माझा ग्रीनच्या कडेला, तारेच्या आत. खिडकीतून कुणीतरी पेला उंचावला. दुपारभरात एवढं एकच कौतुक वाट्याला आलं, ते मी पूर्ण वसूल केलं.

आत बसल्यावर मी जनावरांचा विषय काढला. सगळ्या सभासदांना ती हवी आहेत असं मुळीच नाही. शेण, उखडलेले बंकर, तारांची देखभाल यांना कंटाळलेले लोक आहेत आणि ते उघड बोलतात. बाहेरगावचे, माझ्यासारखे लोक मात्र खास या जनावरांसाठी येतात आणि क्लबचं उत्पन्न बऱ्याच अंशी आमच्यावर चालतं. "तुम्हाला एक दिवस गंमत वाटते," आमचे सोबती म्हणाले, "मला रोज बूट धुवावे लागतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण रफचं गवत फुकट कापलं जातं, कोरडं कडक मैदान राहतं, हे त्यांनीच पुढे कबूल केलं. ब्रोरातून मेंढ्या काढल्या तर दोन वर्षांत गुडघाभर गवतात चेंडू शोधत बसावं लागेल, असा माझा कयास आहे.

तुलनेसाठी जवळच रॉयल डॉरनॉक आहे, दक्षिणेला तासाभराहून कमी अंतरावर. तिथे गोल्फची नोंद 1616 सालची सापडते, आणि अमेरिकेत पाइनहर्स्ट नंबर 2 आखणारा डॉनल्ड रॉस त्याच गावचा. मैदान जगात नाव असलेलं, ग्रीन-फी त्याच मापाची. दोन्ही खेळावीत. पण खिशाला एकच परवडत असेल तर माझं मत ब्रोराला.

जायचं तर मे ते सप्टेंबर. जूनच्या मध्यावर इथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर निघूनही अठरा होल होतात, आणि त्या वेळी मैदान रिकामं मिळतं. टी-टाइम आधी ठरवून घ्यावा. भाड्याने क्लब मिळतात, कॅडीची अपेक्षा धरू नये. स्कॉटलंडच्या 2003 च्या कायद्याने लोकांना मैदान पायी ओलांडायचा हक्क आहे, म्हणून कुत्रा घेऊन कुणी फेअरवेवरून गेलं तर रागावू नये, थांबावं. वारा सोसणारा अंगरखा जून महिन्यातही लागतो. छत्री निरुपयोगी, उलटी होते. चेंडू जास्तीचे न्यावेत. बूट जुने.